उघडू नका म्हणता, मग उघडायचं कसं ते लिहून द्या

पोस्ट मोठी आहे. आता वेळ नसेल तर रात्री जेवून झाल्यावर वाचा. पण कपाटात बंद पडलेला डिजिटल कॅमेरा असेल तर वाचाच, आणि तोवर त्याला स्क्रूड्रायव्हर लावू नका.

गेल्या महिन्यात सकाळी साडेसहाला मी खाडीवर होतो. कशाला, ते आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको. सक्शन पंप चालू होता, होड्या भरत होत्या, पलीकडच्या काठावर दोन डंपर उभे होते. अशा कामाला मी मोबाइल वापरत नाही. माझ्याकडे २०१५ साली घेतलेला छोटा कॅमेरा आहे. शर्टाच्या खिशात मावतो आणि तीस पट झूम होतो. त्याच्या जोरावर माडाच्या आडून, तीनशे-चारशे फुटांवरून डंपरची नंबर प्लेट वाचता येते. जवळ जावं लागत नाही. दहा वर्षं हातपाय शाबूत राहिले त्याचं निम्मं श्रेय त्या झूमला आहे, हे मी गमतीने म्हणत नाही.

त्या दिवशी वारा होता, रेती उडत होती. बटण दाबलं, लेन्स अर्धी बाहेर आली, करकर आवाज झाला आणि पडद्यावर दोन शब्द: लेन्स एरर. परत चालू केला, परत तेच. शेवटी मोबाइलवर काढले चार फोटो. तहसीलमध्ये दाखवले तेव्हा साहेबांनी स्क्रीन दोन बोटांनी मोठी केली, आणखी मोठी केली आणि विचारलं, "यात नंबर कुठे दिसतोय?" दिसत नव्हताच. पिवळा ठिपका दिसत होता. बातमी छापली नाही. छापली असती तर मीच खोटा पडलो असतो.

म्हणून "आता मोबाइल असताना कॅमेरा कशाला" असं ज्यांना कमेंटमध्ये लिहायचंय, त्यांना उत्तर इथेच दिलं आहे.

कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर आम्हाला जवळचं म्हणजे घाटावर. एस.टी.ने गेलो. एक दिवस, दोन वेळचं तिकीट, दुपारचं जेवण. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याने मॉडेलचा नंबर टाइप केला आणि म्हणाला, "सर, हे मॉडेल सपोर्टच्या बाहेर गेलंय. पार्ट येत नाहीत." मी विचारलं, कुठला पार्ट गेलाय? तो म्हणाला, ते उघडल्यावर कळेल. मग उघडा. "सर, सपोर्टच्या बाहेरचं मॉडेल आम्ही उघडत नाही."

म्हणजे उघडलं नाही म्हणून काय बिघडलंय ते माहीत नाही, आणि काय बिघडलंय ते माहीत नसताना पार्ट मिळणार नाही हे मात्र नक्की माहीत. नवीन मॉडेलचं पत्रक त्याने हातात दिलं ते वेगळंच.

मी म्हटलं, बरं, आमच्या गावात एक जण आहेत, चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतायत. त्यांच्यासाठी या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल द्या. पैसे घ्या हवे तर. तो म्हणाला, "ते बाहेर देत नाही सर. सेफ्टी इश्यू असतो."

हा शब्द घेऊन मी घाट उतरलो. ही सगळी पोस्ट त्या एका शब्दाबद्दल आहे.

आधी कबूल करतो की धोका खोटा नाही. आमच्या टीव्हीवाल्या काकांनी तो अंगावर घेतलाय. आठ-नऊ वर्षांपूर्वी बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओवाल्याने त्यांच्याकडे असाच छोटा कॅमेरा आणून दिला होता. काकांनी बॅटरी काढली, स्क्रू काढले, झाकण उचललं आणि अंगठा आत गेला. काकांच्याच शब्दांत: "बॅटरी काढलंय म्हणान माका वाटला, आता कित्याक भियाचा? आणि हात असो उडालो, कॅमेरो थयसर भिंतीर!" अंगठ्याला भाजल्याचा पांढरा डाग अजून आहे. चाळीस वर्षं टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमधला करंट हाताळलेला माणूस तो. खिशातल्या खेळण्यात काय असणार, असं वाटलं आणि फसला.

आत काय असतं? फ्लॅश. फ्लॅशची नळी पेटवायला तीन-साडेतीन व्होल्टची बॅटरी पुरत नाही. म्हणून आतलं एक छोटं सर्किट ते व्होल्टेज वाढवून तीनशेच्या आसपास नेतं आणि एका कपॅसिटरमध्ये साठवतं. साधारण करंगळीच्या दोन पेरांएवढी काळी नळकांडी असते ती. तीनशे व्होल्ट म्हणजे घरातल्या प्लगवर आपण जे दोनशे तीस म्हणतो त्याहून जास्त. साठा थोडा असतो, त्यामुळे बहुतेक वेळा जीव जात नाही. पण हात झटकतो, कातडी भाजते. एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात गेला, किंवा समोरच्याला हृदयाचा त्रास असला, तर तो खेळ नाही. आणि मुख्य म्हणजे बॅटरी काढल्यावर तो रिकामा होत नाही. तासन्‌तास, कधी कधी कित्येक दिवस भरलेला राहू शकतो. फ्लॅश बंद ठेवून फोटो काढत होतो, म्हणूनही बिनधास्त राहता येत नाही. बरेच कॅमेरे चालू केल्या केल्याच तो भरून ठेवतात.

आता मला सांगा, हे तीन-चार वाक्यांत लिहून झालं. यात गुपित काय आहे? कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हेच लिहिलेलं असतं, त्यांच्या कारागिराने भाजून घेऊ नये म्हणून. कपॅसिटर कुठल्या कोपऱ्यात आहे याचं चित्र असतं, कुठे आणि कसा रिकामा करायचा ते असतं. तो कागद काकांच्या हातात असता तर अंगठा भाजला नसता. म्हणजे सेफ्टीचं कारण सांगून जे लपवलं जातं, तीच सेफ्टी आहे. विहिरीला कठडा बांधायचा नाही, वर झाप टाकून विहीर झाकून ठेवायची आणि कोणी पडला की म्हणायचं, बघा, आम्ही सांगत होतो इकडे येऊ नका.

कंपनी म्हणेल, आम्ही लोकांना उघडायला सांगितलंच नव्हतं. खरं आहे. पण लोक उघडतात. दुरुस्तीचे सगळे सरळ रस्ते बंद केले की लोक मागच्या दाराने जातात, आणि मागच्या दाराला आज रील आहेत. परवा एका रीलमध्ये एक जण लेन्स अडकलेला कॅमेरा टेबलावर आपटून "फिक्स" करत होता. दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कपॅसिटरचे दोन पाय जोडून ठिणगी काढून दाखवत होता, वर फटाक्याचं संगीत. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक वितळतं, बोर्ड जळू शकतो, ठिणगी डोळ्यात जाऊ शकते. लाखांनी बघतात लोक. कंपनीने मॅन्युअल कुलपात ठेवलं आणि तिची जागा या पोराने घेतली. ही सेफ्टी?

काकांनी त्या झटक्यानंतर स्वतःची पद्धत बसवली. माझा कॅमेरा त्यांनी कसा उघडला ते सांगतो. शिकवायला नाही (माझा डिप्लोमा पत्रकारितेचा आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा नाही, आणि त्या डिप्लोमात आम्हाला फिल्मचा कॅमेरा शिकवला होता), तर सुरक्षित काम म्हणजे काय दिसतं ते कळावं म्हणून.

उघडायच्या आधी त्यांनी मला अर्धा तास बसवून ठेवलं. बॅटरी फुल चार्ज केली. बॅटरीचे आणि कॅमेऱ्यातले पितळी टोक साध्या खोडरबराने पुसले. कार्ड काढलं. लेन्सच्या कडेच्या फटीत हातपंपाने, म्हणजे त्या रबरी फुग्याने, हवा मारली, कॅमेरा उलटा धरून. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे बारीक थेंब काचेवर बसतात. तेलाचा स्प्रे तर अजिबात नाही. तेल लेन्सवर आणि शटरच्या पाकळ्यांवर चढलं की कॅमेरा गेलाच. काका म्हणतात, त्यांच्याकडे येणाऱ्या कितीतरी "मेलेल्या" कॅमेऱ्यांचं काम इथंच होतं, झाकण उघडायची वेळच येत नाही. माझं झालं नाही.

मग बॅटरी काढली. हातातली अंगठी काढली, घड्याळ काढलं. पायाखाली रबरी चटई. वहीच्या पानावर कॅमेऱ्याची बाह्यरेखा काढली आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी चिकटपट्टीने लावला, कारण स्क्रू दिसायला सारखे, लांबीला वेगळे. तीन मिलिमीटरच्या जागी पाच मिलिमीटरचा बसवला की तो आतल्या बोर्डमध्ये घुसतो. स्क्रूड्रायव्हरही साधा स्टारचा नाही. जपानी कॅमेऱ्यातले बरेच स्क्रू जपानी मापाचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्स लावला तर तो निसटतो आणि स्क्रूचं डोकं घासून गुळगुळीत होतं. हे काकांना कुणी सांगितलं? कुणी नाही. आठ-दहा स्क्रू नासवल्यावर कळलं.

झाकण सैल झाल्यावर ते कडेकडेने उचललं, फ्लॅशच्या बाजूला बोट न नेता. एक हात पाठीमागे. हा त्यांचा नियम: कपॅसिटर रिकामा होईपर्यंत एकच हात पुढे. दोन किलोओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर, त्याच्या दोन्ही टोकांना चांगलं इन्सुलेशन केलेले प्रोब. ते कपॅसिटरच्या दोन पायांना लावून त्यांनी दहापर्यंत मोजलं. ठिणगी नाही, आवाज नाही. मग मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवून मोजलं. आधी त्यांनी मला रेझिस्टर न लावता आकडा दाखवला होता: २८६. बॅटरी काढून दीड तास झाला होता. नंतरचा आकडा एकच्या खाली. "आता हात लाव," म्हणाले. मी नाही लावला.

लेन्सच्या नळीतल्या दातेरी चाकात रेतीचा एक कण होता. एकच. मोहरीच्या पाव भागाएवढा. ब्रशने काढला, नळी हाताने फिरवून बघितली, मोकळी झाली. पार्ट लागलाच नाही. जो पार्ट मिळत नाही म्हणून मला घाट चढून रिकामं परत पाठवलं, तो लागणारच नव्हता.

पण गोष्ट इतकी गोड नाही. जोडताना वरच्या झाकणाकडे जाणारी चपटी फ्लेक्स केबल काढावी लागली होती. अशा केबलचे कनेक्टर दोन-तीन तऱ्हेचे असतात. काहींना बारीक पाकळी असते, ती नखाने वर केली की केबल सुटते. काहींना नसते, सरळ ओढायची. या मॉडेलमध्ये पाकळी मागच्या बाजूला होती आणि काळ्यावर काळी. दिसली नाही. काकांनी ओढली, केबल कडेला फाटली. झूम चालतं, फोटो येतात, फ्लॅश कायमचा गेला. काकांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी मजुरी घेतली नाही, मी जबरदस्तीने दोनशे रुपये टेबलावर ठेवले. ही चूक कोणाची? मी काकांची मानत नाही. मॅन्युअलच्या एका पानावर एक बाण असता तर ती झाली नसती.

कंपन्यांना मनात आणलं तर दुरुस्ती जमत नाही असंही नाही. २००५ साली सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरमध्ये दोष निघाला. उष्ण आणि दमट हवेत आतलं जोडकाम सुटायचं, फोटो वेडेवाकडे किंवा काळे यायचे. तोच सेन्सर कॅनन, निकॉन, फुजी, ऑलिंपस अशा कितीतरी कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत होता. तेव्हा या कंपन्यांनी एकामागून एक जाहीर करून तो मोफत बदलून दिला, वॉरंटी संपलेल्यांनाही. म्हणजे बोभाटा झाला की पार्टही असतात आणि कारागीरही असतात. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दमट हवा म्हणजे काय ते आम्हाला विचारा. इथे सेन्सर वाचला तरी लेन्सला बुरशी धरते. पण आमचा बोभाटा कोण करणार?

आता सरकारकडे येतो, कारण हा नुसता माझ्या कॅमेऱ्याचा प्रश्न नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये "दुरुस्तीचा हक्क" या विषयावर समिती नेमली. चार क्षेत्रं ठरवली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झालं. चांगलं झालं. पण पोर्टल म्हणजे कंपन्यांनी आपणहून माहिती टाकायची जागा. कोणी नाही टाकली तर काय? काही नाही. पुढे वस्तू किती दुरुस्त करता येते याचे गुण छापायचे ठरलं, त्या समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये गेला, सुरुवात मोबाइल-टॅबलेटपासून. कॅमेरा कुठे आहे? मला तरी रांगेत दिसला नाही.

आणि आपल्याकडे दाखला नाही असं कोणी सांगू नये. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. कशासाठी? सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नव्हते म्हणून. पुढे कोर्टकज्जे झाले तो भाग निराळा, पण तत्त्व तेव्हाच मांडलं गेलं: वस्तू विकली की ती दुरुस्त कोण करणार हे विकणाऱ्याने एकट्याने ठरवायचं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये कायदा केला: शंभर डॉलरच्या वरची इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि घरगुती उपकरणं यांचं मॉडेल बंद झाल्यावरही सात वर्षं सुटे भाग, हत्यारं आणि कागदपत्रं द्यायची. तिथल्या कारागिराला करंट लागत नाही का? लागतो. म्हणूनच कागद देतात.

कोणी म्हणेल, कॅमेऱ्याचा धंदाच संपला, कंपन्यांनी कशाला पदरमोड करायची. संपला हे खरं. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर दहा कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट कॅमेरे पाठवले, २०२३ मध्ये सतरा लाखांच्या आसपास. पण ते दहा-दहा कोटी गेले कुठे? लोकांच्या कपाटात आहेत. निम्म्यांत रेतीचा कण असेल नाहीतर गंजलेला बॅटरीचा टोक. आणि जे मॉडेल तुम्ही बनवत नाही, विकत नाही, दुरुस्तही करत नाही, त्याचं मॅन्युअल जाहीर करायला पदरमोड ती कसली? फाइल तयार आहे. वेबसाइटवर टाकायची. नक्कल होईल म्हणाल, तर २०१५ च्या कॅमेऱ्याची नक्कल आज करतंय कोण?

मागणी मोठी नाही. सपोर्टच्या बाहेर गेलेल्या प्रत्येक मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल खुलं करा. तोवर निदान एक पान द्या: कपॅसिटर कुठे, रिकामा कसा करायचा, केबल कशा सुटतात. दुरुस्तीच्या गुणांच्या यादीत कॅमेरा घ्या. आणि आपल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड शिकणाऱ्या पोरांच्या हातात असे चार मेलेले कॅमेरे द्या, निदेशकांच्या देखरेखीखाली. काकांचं वय अडुसष्ट आहे. त्यांच्यानंतर आमच्या बाजारपेठेत एकच पर्याय उरेल, पत्रक हातात देणारा.

मी ग्राहक व्यवहार विभागाला पत्र पाठवलंय, प्रत जिल्हा ग्राहक आयोगाला आणि आमच्या खासदारांना. कोणाला मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये मागा, नाव बदलून पाठवा. शंभर पत्रं गेली तर कोणीतरी एक उघडेल.

काकांनी सांगायला सांगितलंय: बंद कॅमेरा असेल तर रविवारी सकाळी दुकानात घेऊन या, बघायचे पैसे नाहीत. खारं पाणी गेलं असेल तर आधी बॅटरी काढा, चालू करून बघू नका, आणि तांदळात पुरू नका, पीठ आत जातं. बॅटरी फुगली असेल तर तिला टोचू-दाबू नका, कॅमेऱ्यात परत घालू नका, वेगळ्या डब्यात आणा. आणि घरी उघडू नका. हे मी कंपनीच्या बाजूने म्हणत नाही.